घरातले सामाईक फोल्डर आणि स्वत्वाचा प्रश्न

घरातले दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले असले की एकाच्या डिस्कवरची फाईल दुसऱ्याच्या पडद्यावर उघडता येते. त्यासाठी इंटरनेट चालू असण्याचीही गरज नसते; राउटरला वीज मिळत असली म्हणजे झाले. ज्याच्या संगणकावर फाईल आहे तो एखादा फोल्डर निवडतो, घरातल्या इतरांसाठी खुला करतो आणि कोणी नुसते वाचायचे, कोणी बदलही करायचे, हे ठरवून देतो. काम थोड्या वेळाचे आहे. पण ते करताना घराने काही प्रश्नांची उत्तरे नकळत देऊन टाकलेली असतात. खुल्या फोल्डरातली वस्तू आता कोणाची? ती दिली गेली, की फक्त दाखवली गेली? दाखवलेल्यातून किती घ्यावे? वस्तू कोणाची असते आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, याचा विचार धर्मशास्त्राने, मीमांसेने आणि जैन आचारशास्त्राने गायी, शेते, ठेवी आणि पोथ्या डोळ्यांसमोर ठेवून केला. ती वर्गवारी फोल्डरांना लावून पाहिली की आज एकाच बटणाखाली गोळा झालेले अनेक व्यवहार सुटे होतात.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या घरांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि त्या रुळांच्या आधाराने ही शहरे नोकरदारांची झाली. नोकरी मुंबईत, बिऱ्हाड इथे. घर दोन-तीन खोल्यांचे आणि माणसे दोन-तीन पिढ्यांची. अशा घरात आजोबांचा जुना डेस्कटॉप असतो, त्यात सोसायटीची पत्रे, मेडिक्लेमचे कागद आणि स्कॅन केलेले लग्नाचे फोटो. कॉलेजात जाणाऱ्या नातीचा लॅपटॉप असतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर घरात मुक्कामाला आलेला, कंपनीच्या मालकीचा ऑफिसचा लॅपटॉपही असतो. सगळ्यांत मिळून राउटर एक. स्वतःची खोली फार थोड्यांच्या वाट्याला येते, त्यामुळे स्वतःचा फोल्डर हाच कित्येकदा घरातला किल्ली असलेला एकमेव कप्पा ठरतो. तो खुला करावा की नाही, हा निर्णय प्रशस्त घरापेक्षा अशा घरात जड जातो.

खुला करण्याची कारणेही तितकीच सबळ आहेत. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतली गुणपत्रके, करारनामे, फोटोंचे अल्बम भिजून गेले. एकाच डिस्कवर असलेली फाईलही तशीच एकटी असते. घरातल्या दुसऱ्या संगणकावर तिची प्रत असली तर एक डिस्क बिघडल्याने ती जात नाही. पुरात मात्र दोन्ही संगणक एकाच घरात सापडतात, म्हणून आणखी एक प्रत घराबाहेर ठेवावी लागते.

यंत्रणा अशी चालते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आतला पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. असे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवायचे, हा संकेत १९९६ साली पक्का झाला. म्हणून डोंबिवलीतल्या असंख्य घरांत एकाच वेळी तोच पत्ता नांदू शकतो आणि एका घराचा दुसऱ्याशी संबंध येत नाही. विंडोजला आधी सांगावे लागते की हे जाळे 'प्रायव्हेट' आहे. 'पब्लिक' म्हटले तर संगणक इतरांच्या नजरेआड राहतो, आणि स्टेशनबाहेरच्या कॅफेत तेच योग्य. मग फोल्डरवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'शेअरिंग' हा भाग उघडायचा, फोल्डर कोणाला खुला करायचा ती नावे निवडायची आणि प्रत्येक नावापुढे परवानगी ठरवायची. दुसऱ्या संगणकावर फाईल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पहिल्या संगणकाचे नाव लिहिले की तो फोल्डर समोर येतो. मधली देवघेव एसएमबी या प्रोटोकॉलने होते. त्याचा उगम १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला आणि मायक्रोसॉफ्टने तो वाढवला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस त्याच प्रोटोकॉलने बोलणाऱ्या प्रोग्रामला हात घातला. तो पुढे सांबा म्हणून मुक्तपणे वाटला गेला आणि लिनक्सच्या संगणकांनाही विंडोजशी व्यवहार करता येऊ लागला. मॅकनेही २०१३ पासून एसएमबीलाच पहिली पसंती दिली आहे.

परवानग्यांना दोन थर असतात. एक थर जाळ्यावरून येणाऱ्यासाठी: 'रीड', 'चेंज', 'फुल कंट्रोल'. दुसरा थर डिस्कवरच्या फाईलींचा स्वतःचा. दोन्हींचे म्हणणे वेगळे असेल तर जो कडक तो लागू होतो. फोल्डर उघडत नाही म्हणून कंटाळून 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन टाकण्याची सवय सर्रास आढळते. ती वाईट सवय आहे. जाळ्यावरून पुसलेली फाईल रीसायकल बिनमध्ये थांबत नाही, थेट नाहीशी होते; लहान मुलाच्या एका चुकीच्या बोटाने आजोबांचे फोटो जाऊ शकतात. एसएमबीची जुनी पहिली आवृत्तीही बंदच ठेवावी, कारण मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम तिच्यातल्या दोषातूनच संगणकामागून संगणक गाठत गेला.

विंडोज ७ बरोबर २००९ साली 'होमग्रुप' नावाची सोय आली होती. सगळ्या घराला एकच पासवर्ड. तो ज्याला माहीत तो घरचा. २०१८ मध्ये ती विंडोज १० मधून काढून टाकली गेली. तिच्यामागची कल्पना लक्षात घेण्यासारखी होती. तिच्यात घर हेच जणू एक माणूस होते. आताच्या रचनेत प्रत्येकाचे खाते वेगळे आणि अधिकार माणसागणिक द्यावा लागतो. एकत्र कुटुंब ही एकच व्यक्ती की अनेक स्वत्वांचा, म्हणजे वेगवेगळ्या मालकींचा, समूह, हा जुना वाद या दोन रचनांत जसाच्या तसा उभा आहे.

फोल्डर खुला करणे हे दान आहे का? विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या धर्मशास्त्रीय ग्रंथाने केलेल्या दानाच्या व्याख्येचे दोन भाग आहेत: देणाऱ्याचे स्वत्व संपले पाहिजे आणि घेणाऱ्याचे स्वत्व उत्पन्न झाले पाहिजे. त्याखेरीज घेणाऱ्याने स्वीकार करावा लागतो. नुसते पुढे करून ठेवलेले दान होत नाही. आजोबांनी लग्नाचे फोटो नातीला दिले तेव्हा व्याख्येचा दुसरा भाग घडला, पहिला घडला नाही. नातीकडे फोटो आले, आजोबांकडचे गेले नाहीत. शास्त्राच्या अर्थाने हे दान नव्हे.

ही अडचण जुन्या विचारवंतांपुढेही होती. गुरूने विद्या दिली म्हणून गुरूची विद्या कमी होत नाही, तरीही गाय आणि भूमी यांच्या जोडीने विद्येची गणना अतिदानांत, म्हणजे श्रेष्ठ दानांत, झाली. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या दानखंडात विद्यादान येते ते बऱ्याच अंशी पोथीच्या रूपाने: पोथी लिहवून घ्यायची, तिची पूजा करायची आणि मग ती द्यायची, असा विधी पुराणवचनांच्या आधारे तिथे सांगितलेला आहे. यातले मर्म प्रत करण्यात आहे. लेखकाची मजुरी, पत्रे, शाई, महिनोन्‌महिने चाललेले लेखन, हे सगळे दात्याकडून खरोखर जात होते. मूळ पोथी घरात राहिली तरी नव्या पोथीत कोणाच्या तरी आयुष्याचे दिवस उतरलेले असत. संगणकाने नेमका हाच भाग काढून घेतला. प्रत करायला आता काही पडत नाही, आणि देण्याला मोल आणणारा त्याग त्यासरशी नाहीसा झाला.

फाईल वाटणाऱ्याला म्हणूनच दातृत्वाचे श्रेय फारसे देता येत नाही. त्याच्याकडून जाते ते निराळेच: ती प्रत पुढे कुठे जाईल यावरचा ताबा. दान केलेली गाय परत मागू नये, हा नियम होता. मागितली असती तर ती परत येऊ शकली असती. दुसऱ्याच्या डिस्कवर उतरलेला फोटो मात्र परत मागून उपयोग नसतो, कारण परत केला तरी तो तिथे राहू शकतो. साध्या वाटणाऱ्या देवघेवीत एवढी अपरिवर्तनीय गोष्ट घडते, याची जाणीव देणाऱ्याला क्वचितच असते.

ग्रंथालयाचा व्यवहार याहून वेगळा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचे. तिथले पुस्तक सभासदाच्या घरी असते तितके दिवस फडताळात त्याची जागा रिकामी असते, आणि पुढच्या वाचकाला थांबावे लागते. वापरण्यासाठी मागून आणलेल्या अशा वस्तूला धर्मशास्त्रात याचितक म्हणतात. स्वत्व देणाऱ्याचे, वापर घेणाऱ्याचा, आणि काम झाले की वस्तू परत. फोल्डरला फक्त 'रीड' परवानगी दिली की हाच व्यवहार झाला, असे वाटते. प्रत्यक्षात जी फाईल वाचता येते ती उतरवूनही घेता येते. संगणकाच्या दृष्टीने वाचणे म्हणजेच प्रत पोचवणे. 'रीड'ने मूळ फाईल सुरक्षित राहते, एवढेच. तिच्यातला मजकूर सुरक्षित राहतो असे समजणे ही घराघरांत होणारी सर्वांत मोठी गैरसमजूत आहे.

आजोबांच्या डिस्कवरची फाईल आणि नातीच्या डिस्कवरची फाईल, या एक की दोन? मीमांसक वर्ण नित्य मानतात. दोन माणसांनी 'ग' उच्चारला तर दोन 'ग' झाले नाहीत. एकच 'ग' दोन ठिकाणी प्रकट झाला, आणि 'हा तोच' अशी जी ओळख पटते ती याला प्रमाण. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते ध्वनी दर वेळी नवा उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. 'मी घेतले तेच औषध त्यानेही घेतले' असे लोक म्हणतात तेव्हा औषधाची पुडी एक नसते, जात एक असते. 'तोच ग' हे म्हणणेही तसेच.

फाईलच्या बाबतीत हा वाद केवळ तर्काचा राहत नाही. प्रत झाली त्या क्षणी दोन्ही फाईलींतला एकन्‌एक बिट सारखा असतो आणि आतल्या मजकुरावरून कोणती मूळ, कोणती प्रत, हे कोणत्याही चाचणीने सांगता येत नाही. तेव्हा मीमांसकाची बाजू भक्कम दिसते. दुसऱ्या दिवशी नातीने फोटोची एक कड कापली, आजोबांचा फोटो होता तसाच राहिला, की नैयायिक बरोबर ठरतो. तंत्रातही दोन्ही वाटा आहेत. सामाईक फोल्डरातली फाईल जागेवरच उघडली तर फाईल एक आणि वाचणारे अनेक. उतरवून घेतली तर फाईलीच अनेक. जागेवर उघडलेल्या वर्डच्या फाईलवर एक जण काम करत असताना दुसऱ्याने ती उघडली तर त्याला सूचना मिळते की ती आधीच वापरात आहे, तूर्त वाचता येईल. यावरून घराला एक व्यावहारिक भेद करता येतो. घरखर्चाचा हिशेब, औषधांच्या वेळांचा तक्ता, सोसायटीच्या थकबाकीची नोंद, या फाईली एकच राहिल्या पाहिजेत. त्या जागेवर उघडाव्यात, प्रती फिरू देऊ नयेत, नाहीतर आजीला कोणती गोळी बंद झाली याची दोन उत्तरे दोन संगणकांवर सापडतील. फोटो आणि जुन्या पत्रांचे उलट. त्यांच्या प्रती जितक्या जास्त तितके बरे.

फाईल कोणाची, हा प्रश्न यानंतर येतो. विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली ती सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कल्याणात. ते कल्याण म्हणजे कर्नाटकातले आजचे बसवकल्याण, ठाणे जिल्ह्यातले नव्हे. स्वत्व शास्त्रवचनाने निर्माण होते, असे म्हणणाऱ्यांविरुद्ध त्याने आग्रहाने मांडले की स्वत्व लौकिक आहे, लोकांच्या व्यवहारातून ते ओळखले जाते. पुढे नव्यन्यायात रघुनाथ शिरोमणीने स्वत्वाला द्रव्य-गुणांच्या जुन्या यादीबाहेरचा स्वतंत्र पदार्थ मानले. घरातल्या संगणकाला विज्ञानेश्वराचे मत जास्त लागू पडते. विंडोज प्रत्येक फाईलपुढे एक 'ओनर' नोंदवते, पण ती फाईल कोणत्या खात्यातून तयार झाली, यापलीकडे ती नोंद सहसा काही सांगत नाही. आजीच्या आवाजातल्या ओव्या नातवाच्या खात्यातून ध्वनिमुद्रित झाल्या म्हणून त्या नातवाच्या होत नाहीत. यंत्राची नोंद आणि घराचा व्यवहार यांत विरोध आला तर व्यवहार मानावा.

मिताक्षरेप्रमाणे वडिलार्जित मालमत्तेत मुलाचे स्वत्व जन्मानेच येते. बंगालच्या दायभागात ते पित्याच्या मृत्यूनंतर येते. उत्तर कोकणात, म्हणजे ठाण्याच्या पट्ट्यात, ब्रिटिश काळातल्या न्यायालयांनी मिताक्षरेशी मतभेद असेल तिथे नीलकंठाच्या व्यवहारमयूखाला झुकते माप दिले. नीलकंठ काशीचा, पण त्याचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. जन्मसिद्ध हक्काचे तत्त्व दोन्हीकडे आहे, आणि १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्राने ते मुलींनाही लागू केले. देशभर ते २००५ साली झाले. लग्नामुंजीचे फोटो, पणजोबांची पत्रे, कुलवृत्तांत, गावच्या घराचे कागद यांचा फोल्डर याच वर्गातला. तो घरातल्या सर्वांना, सासरी गेलेल्या मुलीलाही, खुला असणे ही संगणक सांभाळणाऱ्याची मेहरबानी नसते. तो त्यांचा आधीपासूनचा हक्क असतो.

स्वार्जिताची गोष्ट निराळी. कुटुंबाच्या पैशाने एखाद्याचे खास शिक्षण झाले असेल तर त्या शिक्षणातून झालेली कमाई एकत्र कुटुंबाची, असे निर्णय विसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत होत होते. सनदी अधिकाऱ्याची कमाईही एकत्र कुटुंबाची ठरली. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या प्रयत्नाने १९३० साली हिंदू गेन्स ऑफ लर्निंग ॲक्ट झाला आणि शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, विद्येची कमाई शिकणाऱ्याचीच, हे कायम झाले. नातीच्या लॅपटॉपवरचा प्रबंध, तिच्या नोट्स, तिने लिहून ठेवलेल्या कविता याच न्यायाने तिच्या. लॅपटॉप बापाने घेऊन दिला, वायफायचे बिल बाप भरतो, ही कारणे पुरत नाहीत. स्त्रीधनाबाबत याज्ञवल्क्याने पतीला मोजके प्रसंग दिले आहेत: दुष्काळ, धर्मकार्य, आजार, बंदिवास. हे प्रसंग आज कसे वाचायचे यावर मतभेद होऊ शकतात. मागचे तत्त्व मात्र स्वच्छ आहे. दुसऱ्याच्या खासगी धनाला हात लावायचा तर तसा प्रसंग लागतो, नुसते नाते चालत नाही.

घरात अशाही फाईली असतात ज्या घरातल्या कोणाच्याच नसतात. ऑफिसच्या लॅपटॉपवरचा मजकूर कंपनीचा, आणि त्यात कंपनीच्या ग्राहकांचा. धर्मशास्त्राच्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या विषयांत, निक्षेप, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हे स्वतंत्र पद आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर ठेवणाऱ्यावर दोष येत नाही. स्वतःच्या इच्छेने तिचा वापर करून लाभ उठवणाऱ्याला मात्र दंड आहे, आणि ठेव लाभासह परत करावी लागते. ऑफिसचा लॅपटॉप घरच्या सामाईक फोल्डरांच्या जाळ्यात आणणे म्हणजे ठेव स्वतःच्या सामानात मिसळून टाकणे. मुलाचा गेमिंगचा संगणक आणि आईच्या कंपनीच्या फाईली एकमेकांना दिसू नयेत. शक्य असेल तर ऑफिसच्या लॅपटॉपसाठी राउटरवरचे वेगळे, पाहुण्यांसाठीचे वायफाय वापरावे.

निक्षेपाहून सूक्ष्म प्रकार उपनिधीचा. पेटीत किंवा गाठोड्यात बंद करून, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ठेवून घेणाऱ्याने पेटी सांभाळायची आणि जशीच्या तशी परत करायची. आतले जाणून घेण्याचा त्याला अधिकार नाही, आणि मोजदादीची जबाबदारीही नाही. पासवर्डाने कूटबद्ध केलेली फाईल दुसऱ्याच्या डिस्कवर ठेवणे हा शुद्ध उपनिधी आहे. आजोबांच्या मृत्युपत्राचा मसुदा, आईची रोजनिशी, भावाचे वैद्यकीय अहवाल यांची प्रत घरातल्या दुसऱ्या संगणकावर असावी आणि तरी कोणी वाचू नये, अशी इच्छा असली तर हाच मार्ग. सांभाळणे आणि पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, हे या जुन्या वर्गवारीने दाखवले, आणि आजचे तंत्र ते घडवून आणते. सामाईक फोल्डरांच्या सगळ्या चर्चेत याच्याइतकी उपयोगाची आणि इतकी कमी वापरली जाणारी दुसरी सोय नाही.

इथवरचा विचार देणाऱ्याचा झाला. घेणाऱ्याचा धर्म जैन परंपरेने अधिक नेटका मांडला. श्वेतांबर आणि दिगंबर दोघांनाही मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या 'अदत्त' वस्तूच्या ग्रहणावर उभी आहे: जे दिलेले नाही ते घेणे. यावर पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत एक शंका घेतली आहे. भिक्षू गावातल्या रस्त्यांवरून, वेशींतून जातो. त्या त्याला कोणी दिलेल्या नसतात, मग ती चोरी का नाही? उत्तर असे की त्या सर्वांसाठी सामान्यपणे मोकळ्या आहेत, आणि म्हणूनच भिक्षू बंद दारातून आत शिरत नाही. दत्त आणि अदत्त यांच्या मध्ये मोकळ्या असलेल्या गोष्टींचा एक प्रांत आहे, हे या उत्तरातून मिळते. त्याच चर्चेत मनाच्या प्रमादावरही भर आहे. घेण्यामागची वृत्ती दूषित असली की दोष लागतो.

या प्रांताची परीक्षा ठाणे-डोंबिवलीत २००० नंतरच्या दशकात झाली. अनेक इमारतींत इंटरनेट केबलवाल्याच्या तारेने आले. शेजारपाजारची बिऱ्हाडे एकाच स्थानिक जाळ्यात असत आणि संगणकावर जाळे उघडले की अनोळखी संगणकांची नावे आणि त्यांचे खुले फोल्डर दिसत. कोणी गाणी मुद्दाम ठेवलेली असत. कोणाचा सबंध 'माय डॉक्युमेंट्स' अजाणतेपणी उघडा असे. पहिला फोल्डर टीकाकाराच्या अर्थाने रस्ता आहे. दुसऱ्याचे दार नुसते लावायचे राहून गेले आहे. तंत्राला दोन्ही सारखेच; पाहणाऱ्याला मात्र फोल्डरच्या नावावरून आणि आतल्या पहिल्या दोन फाईलींवरून फरक कळतो, आणि कळल्यावर पुढे जाणे हे अदत्तादान आहे. दार उघडे होते, हा बचाव इथे टिकत नाही. गाण्यांबद्दलही एक भर घालावी लागते: ठेवणाऱ्याने मोकळी ठेवली तरी ती मुळात त्याची नसत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त मुभा देते. ती मुभा इमारतभर वाटण्यापर्यंत ताणता येत नाही.

घराच्या आत कायदा फारसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीने केलेला वैयक्तिक किंवा घरगुती वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. भावाने बहिणीचा फोल्डर उघडून पाहिला तर तो कायदा तिच्या मदतीला येणार नाही. म्हणूनच घरातल्या घरात हा प्रश्न धर्माचा उरतो.

त्यात सर्वांत नाजूक जागा ॲडमिनिस्ट्रेटर खात्याची. ज्याच्याकडे ते खाते आहे तो त्या संगणकावरचा, कूटबद्ध नसलेला, कोणाचाही फोल्डर उघडू शकतो. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचे स्थान असेच होते: ताबा सगळ्यावर, स्वत्व सगळ्यावर नाही. मिताक्षरेने कुटुंबातल्या एकट्याला सामाईक स्थावराचा व्यवहार करण्याची मुभा दिली ती तीन कारणांसाठी: आपत्ती, कुटुंबाची गरज, आवश्यक धर्मकृत्य. ॲडमिनिस्ट्रेटरलाही हीच मर्यादा घालता येते. वडील अतिदक्षता विभागात आहेत आणि विम्याची पॉलिसी त्यांच्या फोल्डरात आहे, ही आपत्ती. मुलगी कोणाशी बोलते ते पाहायचे आहे, यात तिन्हींपैकी एकही कारण नाही. डोंबिवलीसारख्या ठिकाणी हे खाते बहुधा घरातल्या तरुणाकडे असते, कारण त्याला तंत्र येते. जुन्या कर्त्याला वयामुळे मिळणारा अधिकार इथे कौशल्यामुळे मिळतो. तसा मिळालेला अधिकार वडीलधाऱ्यांच्या खासगी गोष्टींबाबत अधिक संकोचाने वापरायला हवा, कारण आपले काय काय दिसते आहे, हे त्यांना ठाऊकच नसते.

शेवटचा प्रसंग विभागाचा. वडील गेल्यावर भाऊ-बहिणी घर, ठेवी, दागिने वाटून घेतात, फोल्डराचे काय? मनूने वस्त्र, शिजवलेले अन्न, पाणी, ये-जा करण्याच्या वाटा अशा काही गोष्टी अविभाज्य ठरवल्या. बृहस्पतीने यावर आक्षेप घेतला. अशा वस्तूंचाही विभाग होऊ शकतो, फक्त तो वापराचा असतो: विहिरीचे पाणी ज्याने त्याने गरजेप्रमाणे उपसावे, वाट ज्याच्या त्याच्या हिश्श्याने वापरावी. कौटुंबिक फोटोंचा फोल्डर बृहस्पतीच्या बाजूचा आहे. एक भाऊ डोंबिवलीत, एक पुण्यात, बहीण न्यू जर्सीत असली तरी प्रत्येकाला अख्खा फोल्डर मिळतो आणि कोणाचा वाटा कमी होत नाही. वाटून घ्यावे लागते ते वेगळे: मूळ डिस्क कोणी सांभाळायची, ती दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवण्याचे काम कोणाचे, पुसण्याचा अधिकार कोणाला. हा शेवटचा अधिकार एकट्याकडे असू नये.

वडिलांनी ज्या फोल्डराला पासवर्ड लावला आणि तो कोणालाच सांगितला नाही, त्याचा हिशेब निराळा. डिस्क वारसांची झाली. आतला मजकूर त्यांच्याकडे उपनिधी म्हणून आला आहे. कर्जाचे, विम्याचे किंवा जागेचे कागद त्यात असण्याची शक्यता असेल तर जाणकाराकडून तो उघडून घ्यायला हरकत नाही. तो सर्व वारसांच्या देखत उघडावा, हवे ते कागद काढून घ्यावेत आणि बाकीच्या फाईली न वाचता बंद कराव्यात.